शिडाच्या जहाजावर क्रू म्हणून जायचंय? मग या चुका टाळा, यातल्या बहुतेक नागपुरातच होतात

सगळ्यात पहिले ती ट्रॉली बॅग. चाकांची, कडक, सीताबर्डीवर अर्धा तास भाव करून घेतलेली. जानेवारीत टेनेरिफेच्या (कॅनरी बेटांपैकी एक) धक्क्यावर मी ती खडखड वाजवत ओढत नेली, तर जहाजाच्या बोसनने (दोर, शिडं सगळं जिच्या ताब्यात असतं ती बाई) एकदा बॅगेकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे पाहिलं आणि नुसती हसली. हसण्याचा अर्थ रात्री कळला. जहाजावर कपाट नसतं भाऊ, सामान ठेवायला पलंगाखालचा एक खण असतो आणि कडक बॅग त्यात जात नाही. मग ती बॅग माझ्यासोबत बंकवर झोपली, आणि बंक म्हणजे ट्रेनच्या साइड अप्परचा चुलतभाऊ समजा. जहाज डावीकडे कललं की बॅग नडगीवर, उजवीकडे कललं की भिंतीवर धाड. पहिल्या दोन रात्री माझ्या वॉचच्या (म्हणजे कामाच्या पाळीच्या) पोरांना जागवलं ते लाटांनी नाही, माझ्या बॅगने. तिसऱ्या दिवशी बोसनने ती उचलून दोरांच्या गोदामात बांधून टाकली आणि माझे कपडे मी तीन पिशव्यांत भरले. तर मऊ कापडी बॅग घ्या, रिकामी झाली की गुंडाळून गादीखाली जाईल अशी.

हे आधी सांगून राहिलो कारण परत आल्यावर हिशेब केला तेव्हा लक्षात आलं की माझ्या चुकांपैकी समुद्रावर झालेल्या मोजून तीन-चार होत्या, बाकी सगळ्या इथे घरी बसल्या बसल्या करून ठेवल्या होत्या.

आता आधी हे की जायचं कशावर. आपल्याकडे कोणालाही सांगा, तो म्हणतो अरे आपल्या नेव्हीचं आहे ना ते शिडाचं जहाज. आहे, 'तरंगिणी' गोवा शिपयार्डने बांधलं, १९९७ ला नौदलात आलं आणि २००३-०४ मध्ये पृथ्वीला फेरी मारून आलं, मग २०१२ मध्ये 'सुदर्शिनी' आलं. पण ती नौदलाच्या ट्रेनिंगची जहाजं आहेत, तुम्ही-आम्ही पैसे भरून चढू शकत नाही, तर तिथे मेल टाकत बसू नका (मी टाकला होता). साध्या माणसाला घेणारी जहाजं बाहेरची. डच 'युरोपा' आहे, अटलांटिकमधल्या बेटांवरून अंटार्क्टिकापर्यंत जाते. 'पिक्टन कॅसल' आहे, पॅसिफिकच्या बेटांमधून फिरणारं म्हणून नाव असलेलं. गंमत म्हणजे ही दोन्ही मुळात शिडाची मोठी जहाजं म्हणून बांधलीच नव्हती, 'युरोपा' १९११ चं, एल्बे नदीच्या तोंडाशी उभं राहून दिवा दाखवणारं जहाज होतं, आणि 'पिक्टन कॅसल' १९२८ चा मासेमारी ट्रॉलर. दुसऱ्या महायुद्धात त्याने सुरुंग काढायचं काम केलं.

बुकिंगच्या आधी किंमत सगळे विचारतात, सीझन कोणी विचारत नाही. अटलांटिकमध्ये १ जून ते ३० नोव्हेंबर हरिकेनचा काळ, दक्षिण पॅसिफिकमध्ये साधारण नोव्हेंबर ते एप्रिल चक्रीवादळांचा. या काळात जहाज नेमकं कुठे असणार, वादळ आलं तर काय ठरलंय, सर्व्हे आणि सेफ्टीचे कागद कोणत्या देशाचे, हे सरळ विचारा. उत्तर द्यायला जो कंटाळतो त्याच्याकडे जाऊ नका. 'बाऊंटी' नावाचं मोठं शिडाचं जहाज ऑक्टोबर २०१२ मध्ये सॅंडी वादळात नॉर्थ कॅरोलायनाच्या किनाऱ्यापासून दूर बुडालं, १६ जण होते, १४ वाचले, कॅप्टन आणि एक खलाशी गेले. वादळ येऊन राहिलं हे बंदर सोडतानाच माहीत होतं. इन्शुरन्सची बारीक अक्षरं पण वाचा, नुसत्या ट्रॅव्हल पॉलिसीत जहाजावर काम करणं आणि उंचावर चढणं हे दोन्ही बऱ्याचदा वगळलेलं असतं.

व्हिसाचा गुंता

याच्यावर जरा थांबतो कारण पैसे इथेच जातात. माझा मार्ग होता टेनेरिफे ते मिंडेलो, म्हणजे कॅनरी बेटं ते केप व्हर्दे. कॅनरी बेटं नकाशात आफ्रिकेला चिकटलेली दिसतात म्हणून वाटतं काहीतरी वेगळं असेल, पण ती स्पेनची आहेत, म्हणजे शेंगेन (एकाच व्हिसावर फिरता येतं तो युरोपातल्या देशांचा गट). अझोर्स आणि मडेरा पोर्तुगालची, ती पण शेंगेन. केप व्हर्दे मात्र स्वतंत्र देश. म्हणजे तुम्ही जहाजात बसून समुद्रात गेलात की शेंगेनमधून बाहेर पडलात, आणि धक्का सोडायच्या आधी तुमच्या एक्झिटची नोंद झाली पाहिजे, ती झाली की नाही स्वतः विचारा, जहाजवाले करतीलच म्हणून बसू नका. आता पुढची मेख. मिंडेलोहून परतीचं स्वस्त विमान बहुतेक लिस्बनवरून मिळतं. तिथे एक रात्र राहायचं म्हणून विमानतळाबाहेर पडायचं असेल तर ती शेंगेनमध्ये दुसरी एंट्री झाली, आणि तुमचा व्हिसा सिंगल एंट्रीचा असेल तर तो टेनेरिफेलाच संपला. माझ्या ओळखीतल्या एकाने याच कारणासाठी लिस्बनची सगळी बुकिंग सोडून देऊन दुसऱ्याच रस्त्याने तिकीट काढलं. अर्ज करतानाच मल्टिपल एंट्री मागा आणि सोबत जहाजाचं पत्र आणि मार्ग जोडा.

ते पत्र आणखी एका जागी कामी येतं. मुंबईला एअरलाइनच्या काउंटरवरचा पोरगा विचारतो, सर रिटर्न तिकीट? तुमचं स्पेनचं तिकीट एकाच बाजूचं, परतीचं तिकीट भलत्याच देशातून. त्याच्या कॉम्प्युटरला हे पटत नाही. 'मी शिडाच्या जहाजाने जाणार आहे' असं तोंडी सांगून पाहिलं, मागच्या लाइनमधल्या काकूंनी माझ्याकडे ज्या नजरेने पाहिलं ती अजून आठवते. कॅप्टनच्या सहीचं पत्र कागदावर छापून ठेवा, तुमचं नाव, पासपोर्ट नंबर, कुठून चढणार कुठे उतरणार सगळं त्यात. मोबाइलमध्ये नको, चार्जिंग नेमकं तेव्हाच संपते.

आणि परतीचं तिकीट. टेनेरिफे ते मिंडेलो साधारण ८५० नॉटिकल मैल धरा. सरासरी ५ नॉट मिळाले, म्हणजे ताशी सव्वानऊ किलोमीटर, तर सात दिवस. वारा पडला आणि साडेतीन नॉटवर आलात तर दहा. हे असं असताना मी आठव्या दिवसाचं तिकीट काढलं होतं, कारण ऑफिसात सुट्टी तेवढीच होती. आम्ही नवव्या दिवशी संध्याकाळी नांगर टाकला. उतरायच्या ठरलेल्या तारखेनंतर निदान तीन-चार दिवस मोकळे ठेवा, किंवा तारीख बदलता येणारं तिकीट घ्या. नागपूर-मुंबईची बाजू पण तशीच, त्याच दिवशीचं विमान पकडायचा हट्ट नको, आदल्या दिवशी निघा.

पैसे भरले म्हणजे पाहुणे नाही

ही चूक डोक्यातली आहे. तुम्हाला 'व्हॉयेज क्रू' नाहीतर 'ट्रेनी' म्हणतात, आणि चार तास काम आठ तास सुट्टी हे चक्र रात्रंदिवस चालतं. माझा वॉच बारा ते चारचा, दुपारचा आणि रात्रीचा. सुकाणू धरायचं, पुढे उभं राहून नजर ठेवायची, दोर ओढायचे, भांडी घासायची, डेक धुवायचा. लोक जिमला जाऊन दंड फुगवून येतात आणि पहिल्याच दिवशी तळहाताला फोड. ताकद लागते ती पकडीची. जायच्या आधी दोन महिने मी गच्चीवरच्या लोखंडी पाइपाला रोज लटकायचो, आणि झोपाळ्याच्या दोरीवर बोलाईनची (न सरकणाऱ्या फासाची) गाठ मारायचो, आधी पाहून, मग डोळे मिटून, मग पाठीमागे हात नेऊन. आईला वाटलं पोट्ट्याचं काही खरं नाही. पण रात्री दीड वाजता पावसात तीच एक गाठ हाताला आपोआप आली. दहा गाठी अर्ध्या शिकण्यापेक्षा ही एक पक्की करा.

दोरांची भीती सगळ्यांना वाटते, आडव्या शिडांच्या मोठ्या जहाजावर दीड-दोनशे दोर असतात आणि सगळे सारखेच दिसतात. पाठ करत बसू नका, त्यामागची पद्धत समजून घ्या, कठड्याला लाकडी खुंट्यांची रांग असते आणि साधारणपणे शीड जितकं वरचं तितकी त्याची खुंटी मागे. खरी चूक होते ती दोर सोडताना. ताणलेला दोर खुंटीवर इंग्रजी आठच्या आकारात गुंडाळलेला असतो, नवीन माणूस उत्साहात सगळे वेढे एकदम काढतो, आणि वर शिडात भरलेला वारा तो दोर त्याच्या हातातून खेचून नेतो. माझ्या बाजूच्या पोराचे दोन्ही तळहात असेच सोलले. वरचे आठ काढा, पण खालचा शेवटचा वेढा खुंटीवर राहू द्या आणि त्याच्या घर्षणावर दोर हळूहळू सोडा. आणि हुकूम ऐकला की मोठ्याने परत म्हणा, समजला नसेल तर तसं सांगा. मान हलवू नका, अंधारात मान दिसत नाही.

डोलकाठीवर चढणं ऐच्छिक असतं, हे कोणी सांगत नाही. नाही चढलात तर कोणी हसत नाही. चढायचं असेल तर वारा येतो त्या बाजूने, म्हणजे वारा तुम्हाला दोरांवर दाबतो. हात उभ्या दोरांना, आडव्या पायऱ्यांना फक्त पाय, कारण पायरी तुटू शकते. चष्मा असेल तर मागून दोरी बांधा, आणि फोन खालीच. फोन पडला तर तुमचा जाईल ते ठीक आहे, खाली उभ्या माणसाच्या डोक्यात पडला तर?

उलट्या

होतात. मला वाटलं घाटात मला कधी काही झालं नाही तर इथे काय होणार. मागून वारा असला की जहाज पाळण्यासारखं हलतं आणि ते थांबतच नाही. लोकांची चूक म्हणजे मळमळ सुरू झाल्यावर गोळी घेणं, तेव्हा ती पोटात टिकतच नाही. डॉक्टरांना विचारून सुटण्याच्या आधीच सुरू करा, आणि ती गोळी घरी एखाद्या रविवारी घेऊन पाहा, कारण अवोमिनसारख्या गोळीने काही जण चक्क झोपी जातात आणि अशा झोपेत सुकाणू धरायचं नसतं. खाली केबिनमध्ये फोन पाहत बसू नका, डेकवर मध्यभागी या, क्षितिजाकडे पाहा, कोरडं काहीतरी चघळत राहा. मी आलेपाक नेला होता, दुसऱ्या दिवसापासून माझ्यापेक्षा जर्मन आजोबाच जास्त खाऊन राहिले होते. ओआरएसची पाकिटं ठेवा. ओकायचं तर वारा जातो त्या बाजूला, नाहीतर सगळं परत तोंडावर. आणि रात्री एकट्याने कठड्यावर वाकू नका, बाप्पा, वॉचमधल्या कोणाला तरी सांगून जा नाहीतर बादली घ्या. बहुतेकांना दोन-तीन दिवसांत बरं वाटतं, तोवर सावजी मसाल्याची पुडी उघडू नका, स्वयंपाकघरातून वास आला तरी लोक पळतात. शाकाहारी असाल तर बुकिंगच्या वेळीच कळवा, मधल्या समुद्रात कुक काही करू शकत नाही.

आपली खास नागपुरी चूक म्हणजे ऊन. ४५ डिग्री पाहिलेला माणूस, त्याला जानेवारीतलं ऊन काय करते? पण इथे आपल्याला ऊन कळतं ते चटक्यावरून, आणि तिथे सतत वारा असल्याने चटका लागतच नाही. वरून ऊन, खालून पाण्याची चमक. दुसऱ्या संध्याकाळी माझे कान आणि पायांचे वरचे भाग असे भाजले होते की बूट घालवेनात. इथे उन्हाळ्यात बाहेर पडताना जसा दुपट्टा गुंडाळतो तसाच तिथे गुंडाळा, टोपी वाऱ्याने उडते.

टॉर्च घ्या तो डोक्याला बांधायचा, लाल उजेड देणारा. पांढरा टॉर्च मी एकदाच लावला, पुढे नजर ठेवणाऱ्या पोरीला त्यानंतर बराच वेळ समुद्रात काही दिसत नव्हतं आणि ती जे बोलली ते स्पॅनिश होतं, तरी समजलं. गोड्या पाण्याचं रेशन असतं, रोज आंघोळीची अपेक्षा सोडा.

शेवटची चूक परत आल्यावरची. जमिनीवर उतरलं की जमीन हलायला लागते. मिंडेलोच्या बाजारात मी खांबाला धरून उभा होतो, आणि घरी पोचल्यावरही बाथरूममध्ये डोळ्यांत साबण गेला आणि डोळे मिटले की भिंत कलायची. बहुतेकांचं हे एक-दोन दिवसांत जातं, जास्त दिवस राहिलं तर डॉक्टरांना दाखवा. तोवर वर्धा रोडवर गाडी काढू नका, ऑटोने जा.