जुन्या पाण्याच्या टाकीवर चित्र काढून घेताना

बंद टाकी पाडायची नाही, रंगवायची असं ठरलं की रहिवासी लगेच चित्रकार शोधायला लागतात. आधी टाकीच्या मालकाची लेखी परवानगी घ्या आणि बांधकाम अभियंत्याकडून टाकी तपासून घ्या. लोखंडी गज उघडे पडले असतील तर ती दुरुस्ती पहिली. गंजलेला गज फुगतो आणि वरचं काँक्रीट चित्रासकट उडवतो.

मग ओल बघा. ४५ सेंटिमीटर चौरस पारदर्शक प्लास्टिक चारही कडांना चिकटपट्टी मारून टाकीवर लावा आणि दुसऱ्या दिवशी काढा. आतून दव धरलं असेल किंवा खालचं काँक्रीट काळपट दिसलं, तर थांबा. आतली ओल बाहेर येताना क्षार घेऊन येते, लोणा फुटतो आणि रंगाचे पोपडे सुटतात. महागडा रंगही त्यापुढे टिकत नाही. नवा गिलावा केला असेल तर २८ दिवस जाऊ द्या. जुन्या रंगात शिसं असू शकतं, म्हणून तो कोरडा घासू नका. ओला करून खरवडा आणि खरवड गोळा करा.

चित्रकार निवडताना दोघातिघांकडून कच्ची रेखाटनं मागवा, पण त्यांचे पैसे द्या. फुकटात मागणं अन्यायाचं आहे. रेखाटन एका डब्याभोवती गुंडाळा, डबा डोळ्यांच्या वर धरा आणि खालून बघा. गोल टाकीचा निम्म्याहून कमी घेर एका वेळी दिसतो; सपाट कागदावर मधोमध शोभणारा चेहरा तिथे अर्धाच उरतो, आडव्या रेषा वाकतात.

रंगाचा हिशेब सोपा आहे. व्यास ६ मीटर, उंची १० मीटर असेल तर ३.१४ × ६ × १०, म्हणजे सुमारे १८८ चौरस मीटर. एका लिटरमध्ये एका हाताला १० चौरस मीटर धरले, तर दोन हातांना ३८ लिटर लागतात. खडबडीत काँक्रीट जास्त रंग पितं, म्हणून पाचवा हिस्सा वाढवून ४६ लिटर धरा. प्राइमर वेगळा. बाहेरच्या भिंतीसाठीचा ॲक्रिलिकच घ्या. गेरू, पिवळी माती असे लोहयुक्त रंग उन्हात टिकतात, फ्लुरोसंट लवकर विटतात.

करारात परांची आणि विमा कोणाकडे, चित्राचे हक्क कोणाचे, दुरुस्ती कोण करणार हे स्पष्ट लिहा. पैसे टप्प्याटप्प्याने द्या, दहावा हिस्सा देखभालीसाठी बाजूला ठेवा. काम संपल्यावर प्रत्येक रंगाचा क्रमांक लिहून ठेवा.