साध्या फोनवर चालणारी सेवा कशी उभी करायची: नैरोबी आणि लेगॉसच्या पोरांकडून शिकलेलं

सगळ्यात आधी लॅपटॉप बंद ठेवायचा आणि एखाद्या मामा म्बोगाच्या टपरीशेजारी तासभर उभं राहायचं. मामा म्बोगा म्हणजे आपली भाजीवाली मावशी, नैरोबीत प्रत्येक वस्तीच्या तोंडाशी एक तरी असतेच, सुकुमा विकी नावाच्या पालेभाजीची पानं बारीक चिरून पिशवीत भरून देते. गिऱ्हाईक फोन काढतं, चार बटणं दाबतं आणि मग दोघंही थांबतात. मावशीच्या ॲप्रनच्या खिशातला फोन वाजतो, ती स्क्रीन डोळ्यांजवळ नेते, कन्फर्म्ड हा शब्द, पुढचं नाव आणि रक्कम वाचते, मान हलवते आणि मगच पिशवी देते. तो फोन नीट बघा. काचेला तडा, बटणांवरचे आकडे घासून गेलेले, इंटरनेट पॅक बहुतेक संपलेला. तुमची सेवा ह्या फोनवर आणि ह्या हातांत चालली पाहिजे.

मी नैरोबीत साडेचार वर्षं नोकरीला होतो आणि तिथले बरेचसे शनिवार कॉलेजातून नुकत्याच बाहेर पडलेल्या पोरापोरींबरोबर कोड लिहिण्यात गेले. आता माझा भाचा दार-एस-सलामला नोकरीला चाललाय, त्याला तिकडे स्वतःचं काहीतरी करायचंय आणि रोज विचारतो की मामा, ॲप कुठून सुरू करू, तर त्याला जे सांगितलं तेच इथे लिहितोय, म्हणजे कुणी तिकडे जाणार असेल किंवा इथे बसून तिथल्या टीमबरोबर काम करत असेल तर उपयोग होईल. त्याला पहिलं हेच सांगितलं की ॲपपासून सुरू करू नकोस.

लोक आत्ता फोनवर काय जुगाड करतायत ते शोधायचं, तिथून सुरुवात. आपल्याकडे जसं मिस कॉल देऊन निरोप पोचवायचे तसंच तिकडेही, त्याला फ्लॅश करणं म्हणतात. मोबाइल मनी यायच्या आधी लोक एकमेकांना टॉकटाइम पाठवून त्याचाच पैशासारखा वापर करायचे. आणि एम-पेसाची, म्हणजे केनियातल्या फोनवरून पैसे पाठवायच्या सेवेची, गोष्ट तर प्रत्येकाने लक्षात ठेवावी अशी आहे. पेसा म्हणजे आपला पैसाच, स्वाहिलीत दुकानाला पण डुका म्हणतात आणि विम्याला बिमा. २००५ मध्ये त्याची चाचणी सुरू झाली ती छोट्या कर्जांचे हप्ते फोनवरून फेडता यावेत म्हणून, पण लोकांनी त्याचं भलतंच करायला सुरुवात केली, एकमेकांना पैसे पाठवायचे, प्रवासाला निघण्याआधी पैसे भरून ठेवायचे आणि दुसऱ्या गावात उतरल्यावर काढून घ्यायचे. सफारीकॉम ह्या केनियाच्या मोबाइल कंपनीने मार्च २००७ मध्ये सेवा सगळ्यांसाठी खुली केली तेव्हा कर्जाचे हप्ते मागे पडलेले आणि जाहिरात होती घरी पैसे पाठवा एवढीच. लोकांनी सेवेचा जो चुकीचा वापर केला तोच धंदा ठरला. म्हणून लोक तुमची गोष्ट वेगळ्याच कामाला वापरायला लागले तर त्यांना अडवू नका, वही काढून लिहून ठेवा.

आता एक उदाहरण घेऊन पुढे जाऊ, कारण नुसतं हवेत बोलून कळत नाही. केनियात चामा असतो. आपली भिशी आणि बचत गट एकत्र केले की जे होईल ते. दहा-पंधरा बायका किंवा एका ऑफिसातले लोक दर महिन्याला ठरलेली रक्कम भरतात, आळीपाळीने एकेकाला मिळते किंवा साठवून जमीन वगैरे घेतात. माझ्या ओळखीच्या तीन पोरांना चामासाठी हिशोबाची सेवा करायची होती. त्यांनी पहिल्या आठवड्यात स्मार्टफोन ॲपची चकाचक डिझाइनं केली. मी म्हटलं एक रविवार सभेला जाऊन बसा.

गेलो सगळे. खजिनदार बाईंकडे शाळेची शंभर पानी वही, निळ्या पेनाने आखलेले रकाने, ज्यांनी भरले त्यांच्यापुढे बरोबरची खूण आणि दोन ठिकाणी खाडाखोड. भांडण त्या खाडाखोडीवरूनच चाललेलं. एक बाई म्हणत होती मी दिले, खजिनदार म्हणत होत्या उशिरा दिले. म्हणजे अडचण हिशोब ठेवण्याची नव्हतीच, हिशोब सगळ्यांना एकाच वेळी दिसण्याची होती. हे डिझाइन करत बसलं असतं तर वर्षभर कळलं नसतं.

मग पहिली आवृत्ती अशी केली की कोडच नाही. कुणी पैसे भरले की पोरांपैकी एक जण हाताने सगळ्या बायकांना एसएमएस करायचा, अमुक मामाचे (तिकडे मामा म्हणजे बाई) एवढे आले, एकूण जमा एवढी. सहा आठवडे. कंटाळवाणं काम आहे पण करा, त्यात कळतं की लोक कोणत्या वेळी पैसे भरतात, कोणता शब्द त्यांना समजत नाही, उत्तर म्हणून काय पाठवतात. एसएमएस रोमन लिपीत १६० अक्षरांचा असतो, स्वाहिली रोमनमध्ये लिहितात म्हणून त्यांचं बरं जमतं. (आपण देवनागरीत पाठवला तर एका एसएमएसमध्ये ७०च अक्षरं बसतात, मराठी लोकांसाठी असं काही करायचं असेल तर हे आधीच धरून चाला.)

हाताने करून दमलात की यूएसएसडी. म्हणजे स्टार दाबून, आकडा टाकून, शेवटी हॅश, आपण बॅलन्स बघायला जे करायचो तेच. इंटरनेट लागत नाही, काही डाउनलोड करायला लागत नाही, कुठल्याही फोनवर चालतं. आपल्याकडे *९९# आहे, केनियात एम-पेसासाठी *३३४#, नायजेरियात एका बँकेचा *७३७# घराघरात पाठ आहे. स्वतःचा कोड घ्यायचा तर टेलिकॉम कंपन्यांकडे खेटे घालायला लागतात, पण नैरोबीच्याच आफ्रिकाज टॉकिंग ह्या कंपनीने ते सोपं केलंय, ते एसएमएस, यूएसएसडी आणि व्हॉइसचे एपीआय (आपला प्रोग्राम त्यांच्या सेवेला जोडायची सोय) देतात आणि सुरुवातीला सॅंडबॉक्समध्ये, म्हणजे चाचणीच्या जागेत, फुकट खेळता येतं, ब्राउझरमध्येच एक खोटा फोन दिसतो त्यावर डायल करून बघायचं.

आतली गंमत अगदी सोपी आहे. कुणी कोड डायल केला की तुमच्या सर्व्हरकडे एक रिक्वेस्ट येते, त्यात सेशनचा (म्हणजे डायल केल्यापासून संपेपर्यंतच्या त्या एका संवादाचा) आयडी, फोन नंबर आणि आतापर्यंत माणसाने काय काय दाबलं ते. त्याने आधी १ दाबलं, मग २, मग ५०० तर तुम्हाला १*२*५०० असं मिळतं. तुम्ही साधा मजकूर परत पाठवायचा, सुरुवातीला कॉन (CON) लिहिलं तर पुढचा प्रश्न येतो, एंड (END) लिहिलं तर संपतं. बस एवढंच, एका संध्याकाळी चालू होतं. अवघड आहे ते मजकूर लिहिणं. एका स्क्रीनवर जास्तीत जास्त १८२ अक्षरं मावतात आणि सेशन फार वेळ टिकत नाही, माणूस विचार करत बसला किंवा तुमचा सर्व्हर सुस्त असला की सगळं तुटून पहिल्यापासून. म्हणून मेन्यूत तीन-चारच्या वर पर्याय नकोत, सगळ्यात जास्त लागणारी गोष्ट १ वर, आणि प्रत्येक पायरीला जे मिळालं ते लगेच डेटाबेसमध्ये टाका म्हणजे पुन्हा डायल केल्यावर तिथूनच पुढे नेता येतं. मेन्यूतले शब्द खजिनदार बाईंना वाचायला द्या. आमच्या पोरांनी बॅलन्स लिहिलेलं, बाईंनी ते वाचून विचारलं, माझे की गटाचे? दोन ओळी बदलल्या आणि निम्मे फोन यायचे बंद झाले.

पैशाचा भाग आला की मात्र घाई करू नका. लोकांचे पैसे स्वतःच्या खात्यात जमा करून ठेवायचे नाहीत, त्याला सेंट्रल बँकेची परवानगी वगैरे लागते आणि जबाबदारी पण फार मोठी. पैसे गटाच्याच खात्यात जाऊ द्या, तुम्ही फक्त नोंद ठेवा. सफारीकॉमचं दराजा नावाचं डेव्हलपर पोर्टल आहे, त्यातून एसटीके पुश पाठवता येतो, म्हणजे समोरच्याच्या फोनवर आपोआप खिडकी उघडते, त्याने पिन टाकला की पैसे जातात आणि झालं की नाही ते तुमच्या सर्व्हरला वेगळं कळवलं जातं. हे वेगळं कळवणं कधी उशिरा येतं, कधी येतच नाही. आम्ही हे गृहीत धरलं नव्हतं, उत्तर आलं नाही म्हणून पुन्हा मागणी पाठवली आणि एका मामाचे एकाच महिन्याचे दोनदा गेले. शाळेच्या फीचे पैसे होते ते. त्याच दिवशी घरी जाऊन परत दिले पण तिचा चेहरा अजून आठवतो. तेव्हापासून माझा नियम, उत्तर नाही आलं तर आधी व्यवहाराची स्थिती विचारायची, पुन्हा पैसे कधीच मागायचे नाहीत, आणि प्रत्येक एम-पेसा व्यवहाराचा जो कोड येतो तो एकदाच नोंदवला जाईल असं डेटाबेसमध्येच बांधून टाकायचं.

विश्वास ही गोष्ट कोडने येत नाही. युगांडातल्या कंपालाची सेफबोडा बघा, मोटरसायकल टॅक्सीची सेवा, तिच्या संस्थापकांपैकी रिकी रापा थॉमसन स्वतः बोडा, म्हणजे मोटरसायकल टॅक्सी, चालवायचा, त्यामुळे चालकांना काय हवं ते त्याला कुणी सांगायला लागलं नाही. प्रवाशाला जास्तीचं हेल्मेट, चालकाला प्रशिक्षण, रस्त्यावर लांबून ओळखू येणारा नारिंगी रंग. किंवा घानाच्या ब्राइट सायमन्सचं एमपेडिग्री, औषधाच्या पाकिटावरचा कोड खरवडायचा, फुकट एसएमएस करायचा, औषध खरं की बनावट ते उत्तर येतं. दोन्हीकडे माणसाला वाटणारी भीती आधी धरली, तंत्र नंतर आणलं.

आणि एक कळकळीने सांगतो, आफ्रिका म्हणून एकच बाजार धरून चालू नका. ५४ देश आहेत. केनियात जे एम-पेसावर चालतं ते नायजेरियात तसंच्या तसं चालत नाही, तिथे बँक ट्रान्सफर आणि कार्डांचा जोर. लेगॉसच्या शोला अकिनलाडे आणि एझरा ओलुबी ह्या दोघांनी २०१५ मध्ये पेस्टॅक ही ऑनलाइन पेमेंटची सेवा सुरू केली ते नेमकं ह्याच दुखण्यावर, दुकानदाराला ऑनलाइन पेमेंट घ्यायचं तर कागदपत्रं आणि जोडणीतच आठवडे जायचे. वाय कॉम्बिनेटर ह्या नव्या कंपन्यांना पैसे आणि मार्गदर्शन देणाऱ्या अमेरिकन संस्थेत गेलेली नायजेरियातली ती पहिली कंपनी, आणि ऑक्टोबर २०२० मध्ये स्ट्राइप ह्या मोठ्या पेमेंट कंपनीने ती विकत घेतली, २० कोटी डॉलरच्या वर किंमत असल्याच्या बातम्या होत्या. तेव्हा आमच्या ग्रुपवर रात्रभर मेसेज चालू होते, नैरोबीची पोरं लेगॉसच्या पोरांसाठी नाचत होती, मला तो दिवस फार आवडतो.

धोके पण माहीत असू द्या. फेब्रुवारी २०२० मध्ये लेगॉस सरकारने शहराच्या मोठ्या भागात मोटरसायकल टॅक्सी बंद केल्या, गोकाडासारख्या मोटरसायकल टॅक्सीच्या कंपन्यांना प्रवासी सोडून पार्सल पोचवण्याकडे वळावं लागलं. कॅमेरूनच्या बुएआ गावात, जिथल्या टेक मंडळींनी त्याला सिलिकॉन माउंटन नाव दिलंय, जानेवारी २०१७ पासून ९३ दिवस इंटरनेट बंद होतं, पोरं रोज लॅपटॉप घेऊन दुसऱ्या प्रांताच्या हद्दीवरच्या बोनाको गावात जाऊन काम करायची. तेव्हा नेट नसताना तुमची सेवा किती चालते हे आधीच तपासा. चलनाचंही तसंच, जून २०२३ नंतर नायजेरियाचं चलन नायरा कोसळलं तेव्हा ज्यांची कमाई नायरात आणि सर्व्हरचं बिल डॉलरमध्ये होतं त्यांचे हाल झाले. सर्व्हरचा खर्च पहिल्या दिवसापासून छोटा ठेवा. लोकांची माहिती ठेवताय तर केनियाचा २०१९ चा आणि नायजेरियाचा २०२३ चा डेटा संरक्षण कायदा वाचून घ्या.

पैसे उभारण्याबद्दल जास्त लिहीत नाही कारण पहिल्या वर्षी त्याची गरज पडू नये. तिथल्या सोबत्यांना एवढं सांगा की टोनी एलुमेलू फाउंडेशन आफ्रिकन उद्योजकांना ५,००० डॉलरचं बिनपरतीचं भांडवल देतं, अर्ज ऑनलाइन असतो. हे त्यांच्यासाठी, आपल्यासाठी नाही. भाच्याला पण हेच बजावलंय, कंपनीत स्थानिक जोडीदार नावापुरता ठेवायचा नाही, निर्णय त्याचे, हिस्सा पण त्याचाच मोठा, तुला स्वाहिली येईपर्यंत तू कोड लिही.

आमच्या त्या चामाच्या सेवेचं झालं असं की दुसऱ्या महिन्यात खजिनदार बाईंनी स्वतःच्या बहिणीचा गट आणला, मग चर्चमधल्या बायकांचा. एका गटाने तर हिशोबाऐवजी ती सेवा सभेची आठवण पाठवायला वापरायला घेतली. पोरांनी लगेच मेन्यूत ३ वर सभेची तारीख टाकली. भाच्या, तू पोचलास की पहिल्या रविवारी कुणाबरोबर तरी अशा सभेला जाऊन बस, तुमच्याकडे टांझानियात गावोगावी असे गट आहेत त्यांना विकोबा म्हणतात, आणि जाताना फोन खिशात ठेव, वही घेऊन जा.