जादूची वेल लावण्याआधी: कथेसाठी काल्पनिक वनस्पती कशी रचावी

कथेत, कादंबरीत किंवा मित्रमंडळींच्या भूमिकांच्या खेळात जादूची वनस्पती आणायची म्हटली की बहुतेकांच्या वहीत तेच ते उतरतं. घनदाट अरण्य, पौर्णिमेची रात्र, निळा उजेड सांडणारं फूल, आणि त्याचा रस पाजला की मेलेला उठून बसतो. अशी फुलं आता पुरे झाली. त्यांना कुणी पाणी घातलेलं नसतं, कुणी राखलेलं नसतं, ती जळाली तरी कुणाच्या घरी चूल बंद पडत नाही. मग वाचकाने तरी त्यांची काळजी का करावी?

नाशिकच्या लिहिणाऱ्याला याहून बरं जमायला हवं. इथे नात्यात एक तरी द्राक्षबागाईतदार असतोच, आणि एका वेलीपायी घर किती रात्री जागतं हे सांगावं लागत नाही. म्हणून जादूची वनस्पती पिकासारखी रचावी. तिला जमीन हवी, हंगाम हवा, मजूर हवेत, रोग हवेत, भाव हवा. खाली रीत दिली आहे आणि तिच्यासोबत एक वेल रचत नेली आहे. तिचं नाव पाणओढी. ही पूर्णपणे मनातली आहे, कुठल्या रोपवाटिकेत विचारू नका.

ताकद एकच, आणि मोजून

वनस्पतीला एकच काम द्या आणि ते आकड्यासकट एका वाक्यात लिहा. ताप उतरवते, शत्रू ओळखते आणि वर अदृश्यही करते, अशी वेल कथा मारून टाकते. लेखक अडला की तिच्यातून नवा गुण निघतो आणि वाचकाला ते लगेच कळतं.

पाणओढीचं वाक्य असं: पूर्ण वाढलेली एक वेल ज्या विहिरीच्या काठावर आहे, त्या विहिरीचं पाणी ती एका रात्रीत एक हात वर चढवते.

आता हा आकडा तपासायचा. अठरा फूट व्यासाची विहीर धरा आणि हात म्हणजे दीड फूट. हिशेब केला तर साधारण १०,८०० लिटर होतात, म्हणजे एक मोठा टँकर. हा हिशेब कथेत कुठेही येणार नाही, पण तो केल्याशिवाय पुढे जाऊ नका. येवला-नांदगावकडच्या माणसाला उन्हाळ्यात एका रात्रीत एक टँकर फुकट मिळाला तर काय होईल, हे तुम्हाला ठाऊक आहे. तुमच्या राज्यातही तेच होणार. आकडा दहापट ठेवला असता तर दुष्काळच संपला असता आणि कथाही. दहावा हिस्सा ठेवला असता तर कुणी वेलीकडे ढुंकून पाहिलं नसतं.

किंमत कोण भरतो

इथे घाई करू नका, सगळी मेख इथेच आहे. ‘वापरणाऱ्याचं आयुष्य एक वर्षाने कमी होतं’ ही किंमत लिहायला सोपी आणि वाचायला कंटाळवाणी, कारण ती फक्त नायक भरतो आणि तीही शेवटी. किंमत शेजाऱ्यावर टाकून पाहा.

पाणओढी पाणी निर्माण करत नाही. उताराच्या दिशेने जी पहिली विहीर लागते, तिच्यातून तेवढंच पाणी ती ओढते. खालच्या विहीरमालकाने वेल लावली तर तो त्याच्या खालच्याचं ओढणार. अशी साखळी नदीपर्यंत जाते आणि काठावरची शेवटची विहीर थेट नदीतून पाणी घेते. एवढ्या एका नियमातून भांडणं, कायदा, चोरी, सोयरीक सगळं आपोआप बाहेर पडतं. वरच्या अंगाच्या गावाला मुलगी द्यायला लोक उत्सुक असतील. राजा नदीकाठावर वेल लावायला बंदी करील आणि त्याचे स्वतःचे मळे मात्र डोंगराच्या माथ्याला असतील. नाशिकच्या धरणांतून जायकवाडीला पाणी सोडण्याचा वाद वर्तमानपत्रात वाचणाऱ्याला हे समजावून सांगायला नको.

किंमतीचा दुसरा भाग वेलीच्या अंगात असू द्या. पाणओढीला ओल सोसत नाही. तिनेच ओढून आणलेलं पाणी काठाच्या मातीत मुरतं आणि उजाडेपर्यंत उपसलं नाही तर तिचं बूड कुजतं. म्हणजे वेल ओढते त्या रात्री मोट चाललीच पाहिजे. मोटेत दीडशे लिटर धरले तर ७२ खेपा. खेपेला चार मिनिटं, म्हणजे जवळपास पाच तास, आणि बैलांची निदान एक जोडी बदलायला हवी. बघा, जादू फुकट मिळाली तरी बैलजोड्या ज्याच्याकडे, पाणी त्याच्याकडेच. एकट्या विधवेने वेल लावली तर तिला रात्री माणसं कुठून मिळतील, या प्रश्नातच अख्खं प्रकरण आहे.

जागा

‘दूरच्या अरण्यात’ असं लिहून सुटका नाही. पाऊस किती, माती कोणती, उतार कुठला, एवढं ठरवा. नकाशा हवा असेल तर आपल्या जिल्ह्याचाच घ्या: पश्चिमेला इगतपुरीत वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस, आणि पूर्वेला येवला-नांदगावकडे पाचशे-सहाशेवर भागवायचं. काही तासांच्या गाडीच्या अंतरात एवढा फरक असेल तर एकच वनस्पती दोन्हीकडे सारखी वागणार नाही. पाणओढी मुरमाड, निचऱ्याच्या जमिनीत जगते आणि काळ्या भारी जमिनीत पहिल्याच पावसाळ्यात मरते. असा मुरूम पावसाळी बाजूला ठेवला की जिथे तिची गरज कमी तिथे ती जोमाने येते.

एखादी वनस्पती एकाच डोंगरावर मिळते, हे वाचकाला पटणार नाही अशी शंका असेल तर अंजनेरीच्या डोंगराकडे पाहा. तिथल्या पठारावरच्या एका कंदीलपुष्पाचं शास्त्रीय नावच डोंगरावरून पडलं आहे, सेरोपेजिया अंजनेरिका. या गटातल्या फुलांची करामतही उसनी घेण्यासारखी आहे. नळीसारख्या फुलात माशी उतरते, आतले केस खालच्या बाजूला वळलेले असल्याने तिला वर येता येत नाही. केस सुकले की ती सुटते, अंगाला परागांच्या पिशव्या घेऊन. पावसाळ्यात पाहायला जा, फोटो काढा, पण उपटू नका, दुर्मीळ आहे.

कॅलेंडर

हंगाम रचताना दोन नमुने समोर ठेवा. एक कारवी. सह्याद्रीच्या उतारांवर ती सात वर्षांतून एकदा फुलते, डोंगरच्या डोंगर जांभळा होतो, आणि बी धरून झाडं मरतात. ताकद फुलोऱ्याच्या वर्षातच येत असेल तर तुमच्या जगात कर्जाची मुदत, लग्नाची बोली, राज्यारोहण सगळं सातच्या पाढ्यात बसतं.

दुसरा नमुना द्राक्षाचा, आणि तो जास्त उपयोगी. थंड देशांत द्राक्षवेल हिवाळ्यात आपणहून झोपते. आपल्याकडे तिला तशी झोप लागत नाही, म्हणून वर्षातून दोनदा छाटावी लागते: एप्रिलच्या सुमारास खरड छाटणी, ऑक्टोबरच्या सुमारास गोडी छाटणी. फळ दिसतं गोडी छाटणीनंतर, पण घडाचा पाया पडतो खरड छाटणीनंतरच्या उन्हात, काडीच्या डोळ्यात म्हणजे मिटलेल्या कोंबात, कुणाला न दिसता. त्या दिवसांत ढगाळ राहिलं की घड कमी. पुढे गोडी छाटणीनंतर हवा बिघडली तर निघालेला घडसुद्धा जिरतो आणि त्या जागी नुसती बाळी, म्हणजे वेलीचा आधार धरणारा तंतू, येते. चूक एका हंगामात, शिक्षा दुसऱ्या हंगामात. कथेला याहून चांगली गोष्ट कोणती हवी?

पाणओढीला हेच लावलं आहे. लागवड काडीने, बियांनी नाही. पेन्सिलीइतकी जाड, तीन डोळ्यांची काडी मृगात लावायची, दोन डोळे मातीत आणि एक वर. दोन वेलींत चाळीस हात अंतर. त्याहून जवळ लावल्या तर त्या एकमेकींनाच ओढतात आणि दोन्ही सुकतात. तिसऱ्या वर्षी फाल्गुनापासून चाळीस दिवस पाणी तोडायचं. या ताणात मुळांना हरभऱ्याएवढ्या गाठी धरतात आणि ओढ गाठींतच असते. ताणाच्या दिवसांत कुणी दया येऊन तांब्याभर पाणी घातलं तर गाठींची तंतुमुळं होतात. वेल वरून हिरवीगार, डोलदार दिसते आणि वैशाखात थेंब ओढत नाही. शत्रूला विष घालायची गरज नाही, रात्री एक घागर पुरते.

गाठी धरल्या की सलग तीन रात्री ओढ घ्यायची, मग सात रात्री विसावा. चौथ्या रात्री ओढली तर काय होतं ते लिहून ठेवा, कारण चौथी रात्र कथेत येणारच.

बिघाड

बिघाडाचं पान ताकदीच्या पानापेक्षा मोठं असावं. प्रत्येक बिघाडाला लक्षण, कारण आणि उपाय द्या. त्यातला एखादा उपाय चुकीचा पण लोकमान्य असू द्या.

बूड कुजणे: पानं कडेकडून पिवळी पडतात, मधली शीर मात्र हिरवी राहते, बुडाशी उकरलं तर आंबट वास येतो. कारण, उपसा कमी पडला. उपाय, बुडाची माती उघडी करून कोरडा मुरूम भरायचा आणि महिनाभर ओढ घ्यायची नाही. लोक मात्र पिवळी पानं पाहून पाणी घालतात आणि वेल संपते.

उलटी ओढ: खालच्या विहिरीवर जुनी वेल आणि वर नवी असली तर नवीचं काही चालत नाही, पाणी आहे तिथेच राहतं. नवशिका याला नकली काडीचा दोष समजतो आणि विकणाऱ्याशी भांडतो.

परजीवी: याचा नमुना अमरवेल. तिला पानं नाहीत, मातीतली मुळं टिकत नाहीत, आणि कोवळं रोप यजमान झाडाच्या वासाकडे वळत वाढतं. वेळेत झाड सापडलं नाही तर मरतं. पाणओढीवर असा एखादा पिवळा तंतू चढला की ओढलेलं पाणी त्याच्या वाट्याला जातं. बाकीच्या किडी दोन ओळींत आटोपा, यादी कुणी वाचत नाही.

विष, उतारा, माप

औषध आणि विष एकाच झाडात ठेवा. कळलावीच्या कंदातलं कोल्चिसिन पेशींचं विभाजन थांबवतं. त्याच्याच मोजक्या मात्रेवर संधिवाताच्या एका प्रकाराचं औषध उभं आहे, आणि मात्रा चुकली तर माणूस जातो. (कुतूहल म्हणूनही चाखू नका.) बिब्ब्याचं तेल कातडीवर फोड उठवतं, आणि त्याच तेलाने कापडावर न पुसणाऱ्या खुणा करत.

उतारा मात्र जादुई मण्यात ठेवू नका, तो शेजारच्या झाडावर असावा. पावसाच्या तोंडावर बाजारात येणारा शेवळा नुसता शिजवला तर घसा खाजतो, त्याच्या अंगात सुईसारखे स्फटिक असतात. म्हणून भाजीत काकड नावाच्या झाडाची आंबट फळं घालतात, आणि ती नेमकी त्याच दिवसांत मिळतात. कुणीतरी कधीतरी घसा खाजवून घेऊनच हे शोधलं असणार. तुमच्या जगातलं ज्ञानही असंच स्वयंपाकघरातून यावं.

मापासाठी गुंज उत्तम. आठ गुंजांचा मासा, बारा माशांचा तोळा. एक गुंज सव्वाशे मिलिग्रॅमच्या आत-बाहेर. वनस्पतीचं बी वजन म्हणून सोनाराच्या काट्यावर चालत आलं आहे, आणि ते बी स्वतः जहाल विषारी आहे. पाणओढीची सुकी गाठ एका वेळी दोन गुंजा उगाळून, तीही फक्त पाणाड्याने, म्हणजे विहिरीची जागा सांगणाऱ्याने, जिभेवर ठेवायची. जमिनीखालचं पाणी कुठल्या बाजूला आहे ते त्याला घटकाभर जाणवतं. चार गुंजांना जीभ कोरडी पडते आणि दोन दिवस बोलता येत नाही.

बाजार आणि भेसळ

जिथे भाव तिथे भेसळ. केशरात करडईच्या पाकळ्या मिसळतातच. सुक्या गाठींत कुणी साध्या मुळांचे तुकडे विकणार, म्हणून बाजारात चालेल अशी परीक्षा द्या. कोरडं खापर घ्यायचं, गाठ त्यावर बोटभर लांब ओढायची आणि पाच वेळा श्वास घेईपर्यंत थांबायचं. अस्सल गाठीची रेघ ओली होऊन गडद पडते, मग तिच्या दोन्ही कडांनी ओल खापरात पसरते. नकली गाठीची रेघ खडूसारखी पांढरीच राहते. हुशार विक्रेता खापर आधी ओलसर करून आणतो, म्हणून जाणता गिऱ्हाईक खापर स्वतःच्या पिशवीतून काढतो. बाजाराच्या प्रसंगात एवढंच दाखवलं तरी दोघांचे स्वभाव कळतात.

नावं तीन ठेवा. शेतकऱ्याचं एक, वैद्याच्या पोथीतलं दुसरं, आणि जिच्या विहिरीचं पाणी गेलं तिच्या तोंडचं तिसरं. खालच्या गावात पाणओढीला चोरटी म्हणतात.

कथेत किती घालायचं

वर रचलं त्यातलं फार तर पाचवा हिस्सा वाचकाला दिसावा. आधी बिघाड दाखवा, पिवळी पडलेली कड आणि आंबट वास. मग राबणारी माणसं, रात्रीची मोट. नियम अगदी शेवटी, आणि तोही भांडणात कुणाच्या तरी तोंडून अर्धवट. पोथी वाचून दाखवणारा म्हातारा वैद्य शक्यतो गाळा.

लिहून झालं की वेलीचं पान शेती करणाऱ्या एखाद्या नातेवाइकाला वाचायला द्या. जादू कशी चालते हे तो विचारणार नाही. काडी कुठे मिळते, ताण किती दिवस, भाव काय, मजूर किती, हे विचारील. ज्या प्रश्नाला तुमच्याकडे उत्तर नसेल तिथे वहीत खूण करा आणि ते आधी ठरवा. ‘खालच्याने रात्री येऊन वेल तोडली तर?’ असं त्याने आपणहून विचारलं, तर पहिलं प्रकरण तिथूनच सुरू करा.