प्रोसेस आणि थ्रेडचा पोर्टेबल इंटरफेस: सुरुवात कुठून करावी

लिनक्सवर शिकलेला माणूस हा इंटरफेस (एकाच कोडने युनिक्स आणि विंडोज दोन्हींवर प्रोसेस व थ्रेड सुरू करणारा) लिहायला बसला की पहिलं फंक्शन फोर्कसारखं (चालू प्रोसेसची प्रत, म्हणजे चाइल्ड, बनवणारा युनिक्सचा कॉल) लिहितो, आणि विंडोजची पाळी आली की अडकतो. विन३२मध्ये, म्हणजे विंडोजच्या मूळ फंक्शनांच्या संचात, फोर्क नाहीच. म्हणून स्पॉन नावाचं एकच फंक्शन ठेवा आणि त्याला एक स्ट्रक्चर द्या: प्रोग्रामचा पाथ, आर्ग्युमेंट, एन्व्हायर्नमेंट, वर्किंग डिरेक्टरी आणि चाइल्डला द्यायचे डिस्क्रिप्टर (उघड्या फाइल, पाइप यांचे क्रमांक). जे यादीत नाही ते चाइल्डला मिळणार नाही, हा नियम पहिल्याच दिवशी ठरवा. नंतर तो लावायला गेलात तर जुना कोड मोडतो.

आर्ग्युमेंट नेहमी ॲरे म्हणूनच घ्या. विंडोजचं क्रिएटप्रोसेस (नवी प्रोसेस सुरू करणारं फंक्शन) मात्र एकच सलग ओळ घेतं, तीही जास्तीत जास्त ३२,७६७ कॅरेक्टरची, आणि तिचे तुकडे करणं चाइल्डवर सोपवलेलं असतं. पाथमध्ये स्पेस असेल आणि शेवटी बॅकस्लॅश असेल, तर नुसतं अवतरणचिन्हात घालून भागत नाही. तो बॅकस्लॅश बंद होणारं चिन्हच एस्केप करतो आणि पुढचं आर्ग्युमेंट याच्यात मिसळतं. शेवटचे बॅकस्लॅश दुप्पट करा, आणि याची टेस्ट सर्वांत आधी लिहा.

युनिक्सच्या बाजूला खरा वेळ जातो तो फोर्क आणि एक्झेकच्या (चाइल्डमध्ये नवा प्रोग्राम चढवणारा कॉल) मधल्या चार ओळींत. फोर्क झाल्यावर चाइल्डमध्ये फक्त फोर्क करणारा थ्रेड उरतो. दुसऱ्या एखाद्या थ्रेडने त्या क्षणी लॉक धरलेला असेल तर तो चाइल्डमध्ये कायमचा बंद राहतो, कारण सोडणारा कोणी नाही. म्हणून तिथे मॅलॉक (मेमरी मागणं) नको, प्रिंटएफ (छापणं) नको, कारण तीही आतून लॉक घेतात. लागणारी सगळी मेमरी फोर्कच्या आधी घ्या.

एक्झेक फसलं हे पेरेंटला कळवायला क्लोज-ऑन-एक्झेक लावलेला (एक्झेक यशस्वी होताच आपोआप बंद होणारा) पाइप वापरा. फोर्कनंतर पेरेंटने आपलं लिहिण्याचं टोक बंद करून रीड करायचं. शून्य बाइट आले तर एक्झेक झालं. नाहीतर चाइल्ड त्यात एररनो (शेवटच्या चुकीचा क्रमांक) लिहितो आणि अंडरस्कोरवालं एक्झिट (_exit) करतो, म्हणजे पेरेंटचे कॉपी झालेले बफर दुसऱ्यांदा छापले जात नाहीत. लिहिण्याचं टोक बंद करायचं विसरलात तर रीड कधीच परतत नाही. फसलेल्या चाइल्डलाही वेटपीआयडी (चाइल्डचा निकाल घेणारा कॉल) लागतंच, नाहीतर झॉम्बी, म्हणजे संपूनही यादीत उरलेल्या प्रोसेस, साचतात. क्लोज-ऑन-एक्झेक पाइप बनवतानाच लागला पाहिजे (लिनक्सवर पाइप२). नंतर वेगळ्या कॉलने लावला, तर मधल्या फटीत दुसऱ्या थ्रेडने सोडलेला चाइल्ड ते टोक घेऊन जातो. पाइप२ नसेल तिथे आपल्या सगळ्या स्पॉनभोवती एक लॉक ठेवा.

एक्झिट कोड युनिक्सवर ८ बिटांचा, विंडोजवर ३२ बिटांचा. सिग्नलने (युनिक्सवर प्रोसेसला बाहेरून पाठवलेल्या इशाऱ्याने) मेलेल्या प्रोसेससाठी वेगळं फील्ड द्या. ते कोडात कोंबू नका.

थ्रेडचं काम त्यामानाने सोपं. पीथ्रेड क्रिएट (युनिक्सवर थ्रेड सुरू करणारं फंक्शन) एरर परत करतं, एररनोमध्ये ठेवत नाही, इथे अनेकजण चुकीची गोष्ट तपासतात. स्टॅकचा आकार मात्र स्वतः सांगा. लिनक्सवर ग्लिबसीसोबत (तिथली नेहमीची सी लायब्ररी) तो सहसा ८ एमबी असतो, मॅकओएसवर दुय्यम थ्रेडला ५१२ केबी, मसलवर (लिनक्सची दुसरी, छोटी सी लायब्ररी) त्याहून कमी. त्यामुळे एकीकडे नीट चालणारं रिकर्शन दुसरीकडे कोसळतं. थ्रेड बाहेरून मारण्याचं फंक्शन इंटरफेसमध्ये ठेवूच नका: विंडोजवर टर्मिनेटथ्रेड कुठलाही क्लीनअप न करता थ्रेड संपवतं आणि त्याने धरलेला हीपचा (प्रोसेसच्या सामायिक मेमरीचा) लॉक तसाच राहतो. त्याऐवजी थ्रेडने अधूनमधून तपासायचा एक ॲटॉमिक फ्लॅग (अनेक थ्रेडनी एकाच वेळी सुरक्षितपणे वाचता-लिहिता येणारी खूण) द्या.