जांघेतली खाज अन् ओसरीतली झोप

सोयाबीनच्या फवारणीचे दिवस. दिवसभर वावरात ओली चड्डी. जांघेत खाज सुटली, लाल चट्टा पसरत गेला. मनात एकच: दिवाळीत पुण्याला जे केलं, ते अंगावर आलं. मी ओसरीत झोपू लागलो. बायकोला सांगितलं, आत उकडते.

मेडिकलवाल्यानं न पाहताच ट्यूब दिली. दोन दिवस आराम, मग दुप्पट.

शेवटी तालुक्याच्या सरकारी दवाखान्यात गेलो. डॉक्टरांनी टॉर्च लावून पाहिलं. "कडा लाल, खवल्यांची, मधात साफ. फोड नाही, व्रण नाही. गजकर्ण आहे भाऊ, बुरशी. ट्यूबमधल्या स्टिरॉइडनं वाढलं." पुण्याचं मीच सांगून टाकलं. (घाम फुटला होता, पण त्यांनी मानही वर केली नाही.) एचआयव्ही अन् सिफिलिसची तपासणी फुकटात झाली. नऊ महिने उलटले होते, त्यामुळे निगेटिव्ह म्हणजे निगेटिव्हच.

बुरशीचं मलम चट्ट्याच्या बाहेर 2 सेंमीपर्यंत, खाज थांबली तरी पूर्ण 4 आठवडे लावलं. चड्डी सुती, उन्हात कडक वाळवलेली. टॉवेल वेगळा.

टॉवेल वेगळा का, ते मी सांगितलं तेव्हा बायकोनं परकराच्या नाडीखालचा चट्टा दाखवला. तीही महिनाभर लाजून गप्प होती.