कधी सुरू होणारा, कधी न होणारा संगणक : दोष कसा शोधावा

पूर्ण बंद पडलेल्या संगणकाचा दोष शोधणे त्यामानाने सोपे असते. घरी तीनदा बटण दाबल्यावर सुरू होणारा आणि दुकानात नेताच निमूटपणे चालणारा संगणक मात्र जाणकारालाही चकवतो. म्हणून कॅबिनेट उघडण्याआधी महत्त्वाच्या फाइलींची प्रत दुसरीकडे काढून ठेवावी आणि आठवडाभर वहीत नोंद करावी, की यंत्र थंड असताना अडते की गरम झाल्यावर, आणि नेमके कुठे येऊन थांबते.

बटण दाबूनही पंखा फिरत नसेल, किंवा क्षणभर फिरून थांबत असेल, तर प्रथम भिंतीतला सॉकेट आणि वायर बदलून पाहावी. चार-पाच प्रयत्नांनंतर सुरू झालेले यंत्र पुढे दिवसभर सुरळीत चालत असेल, तर बहुधा एसएमपीएसमधले (संगणकाला वीज पुरवणाऱ्या डब्यातले) कपॅसिटर, म्हणजे विद्युतभार साठवणारे छोटे भाग, थकलेले असतात. मल्टिमीटरवर (व्होल्टेज मोजण्याच्या उपकरणावर) एसएमपीएसमधून येणारी १२ व्होल्टची लाइन ११.४ ते १२.६ च्या दरम्यान दिसायला हवी. परंतु अधूनमधून येणारा दोष मोजताना नेमका लपतो, त्यामुळे दुसरा एसएमपीएस जोडून पाहणे अधिक खात्रीचे. एसएमपीएस स्वतः उघडू नये, कारण प्लग काढल्यावरही त्यात धोकादायक विद्युतभार उरू शकतो.

पंखे फिरतात पण पडदा काळाच राहतो, अशा वेळी मॉनिटरची केबल तपासून रॅमकडे, म्हणजे तात्पुरत्या स्मृतीच्या पट्टीकडे, वळावे. प्लग काढून, बटण काही सेकंद दाबून धरून आणि कॅबिनेटच्या धातूला हात लावून मग रॅम काढावी, तिचे सोनेरी संपर्क स्वच्छ खोडरबराने हलके पुसावेत, भुगा झटकावा आणि खटका बसेपर्यंत ती परत दाबावी. कोकणातल्या पावसाळी दमट हवेत एवढ्यानेच काम भागलेले मी अनेकदा पाहिले आहे. रॅम दोन असतील, तर एकेक लावून पाहावी.

तारीख-वेळ वारंवार मागे जात असेल, तर मदरबोर्डवरचा (संगणकातल्या मुख्य सर्किट बोर्डावरचा) सीआर २०३२ हा ३ व्होल्टचा सेल बदलावा.

कंपनीचे चिन्ह दिसून पुढे गाडी अडत असेल, तर डिस्कची केबल आणि डिस्कचे आरोग्य तपासावे. विंडोज १० किंवा ११ मध्ये ‘रीस्टार्ट’ नीट होते, पण ‘शटडाउन’नंतर सुरू करताना अडते, असे दिसल्यास पॉवर ऑप्शन्समधील ‘फास्ट स्टार्टअप’ (शटडाउननंतर संगणक लवकर सुरू व्हावा म्हणून असलेली सोय) बंद करावे.

एका वेळी एकच बदल करून तीन-चार दिवस वाट पाहावी. तरीही दोष राहिला, तर वहीसह यंत्र दुकानात द्यावे आणि ते रात्रभर तिथेच ठेवून सकाळी थंड असतानाच सुरू करून पाहायला सांगावे.