घरच्या फॅब्रिकेशनसाठी वेल्डिंग मशीन घेताना: आधी पाइपचा गेज आणि घरचा बोर्ड बघा

दुकानात गेलं की पहिला प्रश्न येतो, "किती अँपिअरचं देऊ?" गिऱ्हाईक स्टिकरवरचा मोठा आकडा बघून २५०चं उचलतं, घरी १६ अँपिअरच्या सॉकेटला लावतं आणि ३.१५ मिमीचा रॉड पेटवला की एमसीबी पडतो. मग मशीनला नावं ठेवली जातात. खरं तर घरच्या कामाचं मशीन दोन गोष्टींवर ठरतं: जोडायचं लोखंड किती जाड आहे आणि घरचं वायरिंग किती करंट सोसतं. अँपिअरचा आकडा या दोन्हींतून आपोआप निघतो.

लोखंड किती जाड?

घरी होणारी कामं साधारण ठरलेली असतात: गेट, खिडकीची ग्रिल, जिन्याचं रेलिंग, गच्चीवरची पत्र्याची शेड, कुंड्यांचा स्टँड, वर्कबेंच. त्यात लागतो १८ ते १४ गेजचा स्क्वेअर पाइप, ३ ते ५ मिमीची पट्टी किंवा अँगल आणि १० ते १२ मिमीचा बार. १८ गेज म्हणजे सुमारे १.२ मिमी, १६ गेज १.६ मिमी आणि १४ गेज २ मिमी.

इथे एक गोम आहे. '१६ गेज' म्हणून मिळणारा पाइप बऱ्याचदा त्याहून पातळ निघतो. जाडी मोजायचा व्हर्नियर नसेल तर वजन करून बघा. एक इंची स्क्वेअर पाइपची ६ मीटरची लांबी खऱ्या १६ गेजची असेल तर वजन सात किलोच्या आसपास भरतं, १८ गेजची असेल तर साडेपाचच्या आतबाहेर. पाइप पातळ निघाला तर मशीनची सेटिंगही बदलते. १६ गेज समजून ८० अँपिअर ठेवले आणि पाइप १.२ मिमीचा असला की भोक पडणारच.

रॉडचं गणित असं. ६०१३ जातीचा रॉड (पाकिटावर आयएस ८१४ प्रमाणे ईआर ४२११ असं काहीसं छापलेलं असतं) घरच्या नव्वद टक्के कामाला पुरतो. २ मिमीचा रॉड ४० ते ६० अँपिअरवर चालतो, २.५ मिमीचा ६० ते ९० वर, ३.१५ मिमीचा ९० ते १३० वर आणि ४ मिमीचा १४० च्या पुढे. १८ गेजला २ मिमीचा रॉड वापरा, १६ आणि १४ गेजला २.५ मिमीचा, ५ मिमीच्या अँगलला ३.१५ मिमीचा. ४ मिमीचा रॉड घरी कधी लागतच नाही. म्हणजे तुम्हाला हवेत *खरे* १३० ते १४० अँपिअर, तेही अधूनमधून. ट्रॉली, चासी किंवा ८ मिमीच्या प्लेटची कामं करायची असतील तर ते घरगुती फॅब्रिकेशन राहिलं नाही, त्याचा विचार वेगळा.

७०१८ रॉड मजबूत म्हणून लोक उगाच आणतात. तो कोरडा लागतो. पाकीट फुटून आठवडा झाला की त्याला अडीचशे-तीनशे अंशांच्या ओव्हनमध्ये तापवून घ्यावं लागतं, नाहीतर वेल्डमध्ये बुडबुडे राहतात आणि तडे जाण्याची भीती असते. गेट-ग्रिलला त्याची गरज नाही.

घरचा बोर्ड काय म्हणतो?

सगळ्यात जास्त चुका होतात त्या इथे, म्हणून हा हिशेब नीट बघा.

८५ अँपिअरवर वेल्डिंग चालू असताना रॉडच्या टोकाशी साधारण साडेतेवीस व्होल्ट असतात. म्हणजे बाहेर पडणारी पॉवर झाली दोन किलोवॉट. मशीनमध्ये थोडी उष्णता वाया जाते, शिवाय साध्या इन्व्हर्टर मशीनचा (आत जड ट्रान्सफॉर्मरऐवजी इलेक्ट्रॉनिक कार्ड असलेलं हलकं मशीन) पॉवर फॅक्टर, म्हणजे ओढलेल्या करंटपैकी खरोखर कामी येणारा वाटा, ०.६५-०.७ च्या घरात असतो. त्यामुळे २३० व्होल्टच्या लाइनमधून ते ओढतं सुमारे १५-१६ अँपिअर. गीझरचं सॉकेट इथे काठावर आलं. १२० अँपिअरवर हाच आकडा २२ ते २५ होतो, १८० वर ३५ च्या पुढे जातो. आता २५०चा आकडा घरच्या सॉकेटवर कसा निघेल, ते तुम्हीच ठरवा.

त्यात लाइन कमी असली की मशीन जास्त करंट ओढतं. संध्याकाळी गावात १८० व्होल्ट मिळत असतील तर १६चे २० अँपिअर होतात. रॉड चिकटतो, माणूस नॉब वाढवतो, वायर आणखी तापते.

म्हणून खरेदीआधी हे बघून घ्या:

- वीजबिलावरचा मंजूर भार. तो एक-दोन किलोवॉट असेल तर आधी वाढवून घ्या.
- मशीनसाठी मेन बोर्डपासून वेगळी लाइन. फक्त २.५ मिमीचा रॉड चालवायचा असेल तर ४ स्क्वेअर मिमी तांब्याची वायर आणि २० अँपिअरचा सी कर्व्ह (क्षणभराचा मोठा करंट सोसणारा) एमसीबी पुरतो. ३.१५ चालवायचा असेल तर ६ स्क्वेअर मिमी, ३२ अँपिअरचा एमसीबी आणि त्याच क्षमतेचं औद्योगिक प्लग-सॉकेट. बी कर्व्ह एमसीबी मशीन चालू करतानाच पडू शकतो, कारण आतले कपॅसिटर भरताना क्षणभर मोठा करंट जातो.
- अर्थिंग खरोखर आहे का. जुन्या घरांत तिसऱ्या पिनला नुसती हिरवी वायर असते, ती पुढे कुठेच जात नाही. इलेक्ट्रिशियनकडून तपासून घ्या, आणि ३० मिलीअँपिअरचा आरसीसीबी (करंट गळू लागला की लाइन तोडणारा स्विच) नसेल तर तोही लावून घ्या.

गच्चीवर काम म्हणजे एक्स्टेन्शन आलंच. १.५ स्क्वेअर मिमीच्या ५० मीटर वायरमधून २० अँपिअर गेले तर वायरीतच चोवीसएक व्होल्ट पडतात. ४ स्क्वेअर मिमीची वायर २० मीटर घेतली तर पडतात चारच्या आत. रीलवरची वायर पूर्ण उलगडून वापरा. गुंडाळलेली वायर आतून तापते आणि तिचं इन्सुलेशन वितळतं.

शेतावर मशीन चालवणाऱ्यांसाठी: पंपाच्या थ्री-फेज लाइनवरचं जुनं ट्रान्सफॉर्मर मशीन दोन फेजवर, म्हणजे ४१५ व्होल्टवर चालतं, ते बघून २३०च्या इन्व्हर्टर मशीनलाही दोन फेज देऊ नका. क्षणात जातं. जनरेटरवर चालवायचं तर २.५ च्या रॉडला किमान ५ केव्हीए हवा.

आर्क, सीओटू की आरगॉन

घरच्या बहुतेकांना सिंगल फेज इन्व्हर्टर आर्क मशीनच, म्हणजे रॉडने जोडणारं, घ्यावं. पाच-सात किलो वजन, खांद्याला अडकवून गच्चीवर नेता येतं, वारा असला तरी चालतं, गंजलेल्या लोखंडावरही थोडंफार निभावतं, रॉड कुठल्याही हार्डवेअरच्या दुकानात मिळतो.

सीओटू, म्हणजे मिग, पातळ पत्र्याला फार सुबक. ०.८ मिमीच्या तारेने १८ गेजचा पाइपही भोक न पडता जुळतो आणि नवशिक्याचा हात लवकर बसतो. पण सिलिंडर आला, त्याची अनामत आणि भरणं आलं, रेग्युलेटर आला. आणि उघड्यावर साध्या वाऱ्यानेही गॅस उडून जातो, वेल्डमध्ये सुयांनी टोचल्यासारखी छिद्रं पडतात. गॅसलेस तार वापरली तर सिलिंडर लागत नाही, मात्र तेव्हा टॉर्चची पोलॅरिटी उलटी करून निगेटिव्ह करावी लागते. हे न करता 'गॅसलेसला नुसते शिंतोडे उडतात' अशी तक्रार करणारे पुष्कळ. बंद शेड असेल आणि महिन्यातून दहा-बारा दिवस पातळ पाइपचं काम असेल, तरच मिगचा जास्तीचा खर्च वसूल होतो.

आरगॉन (टिग) स्टीलच्या रेलिंगसाठी. साधं डीसी टिग ॲल्युमिनियम जोडत नाही, त्याला एसी-डीसी मशीन लागतं. हे दुकानदार विचारल्याशिवाय सांगत नाही.

जुनं ट्रान्सफॉर्मर मशीन स्वस्तात मिळतं आणि वर्षानुवर्षं टिकतं, पण घरच्या लाइनला ते झेपत नाही. सोडून द्या.

स्टिकर नको, नेमप्लेट वाचा

पुढचा मोठा आकडा जाहिरात असते. खरी माहिती मागच्या किंवा खालच्या छोट्या पट्टीवर. तिथे 'एक्स' म्हणजे ड्यूटी सायकल, 'आय-२' म्हणजे वेल्डिंग करंट, 'यू-२' म्हणजे त्या करंटला मिळणारे व्होल्ट, 'आय-१ मॅक्स' म्हणजे लाइनमधून ओढला जाणारा कमाल करंट. एक पडताळा लगेच करता येतो: आर्क मशीनचा यू-२ हा २० अधिक करंटच्या ०.०४ पट असतो. २०० अँपिअरला २८ व्होल्ट आले पाहिजेत. आणि २०० अँपिअर लिहून शेजारी 'आय-१ मॅक्स' १८ लिहिलं असेल तर ती पट्टी खोटी, कारण इतक्या इनपुटमधून तेवढं बाहेर निघूच शकत नाही. ही पट्टीच नसलेलं मशीन घेऊ नका.

६० टक्के ड्यूटी सायकल म्हणजे दहा मिनिटांत सहा मिनिटं सलग. याचा घरगुती कामात बाऊ करायची गरज नाही. २.५ चा रॉड मिनिटभरात संपतो. त्यानंतर स्लॅग (वेल्डवरची पापडी) झाडणं, ब्रश मारणं, गुण्या लावून पुढचा सांधा जुळवणं यात मशीनला भरपूर विसावा मिळतो. फक्त हा आकडा किती तापमानाला दिलाय ते बघा. ४० अंशांना दिलेला आकडा खरा. २० किंवा २५ अंशांचा असेल तर चंद्रपूर-अकोल्याच्या मे महिन्यात तो बराच खाली येतो.

एकूण, ४० अंशांना ६० टक्क्यांवर १५० ते १६० अँपिअर देणारं, १६० ते २७० व्होल्ट इनपुट घेणारं, हॉट स्टार्ट (पेटवताना क्षणभर जास्त करंट), आर्क फोर्स (रॉड फार जवळ गेला की करंट वाढवणं) आणि अँटी-स्टिक (रॉड चिकटला की करंट पाडणं) असलेलं मशीन बघा. आतले इलेक्ट्रॉनिक स्विच आयजीबीटी जातीचे की मॉसफेट यावर दुकानात तासभर वाद घालता येतो. त्याऐवजी तुमच्या तालुक्याच्या गावात त्या मशीनचं कार्ड कोण दुरुस्त करतो ते विचारा. ती माहिती जास्त कामाची.

दुकानातच चालवून बघा

पाच मिनिटांचं काम आहे. सोबत १६ गेज पाइपचे दोन तुकडे आणि २.५ चे चार रॉड घेऊन जा.

६५ अँपिअरवर रॉड पेटवा. हॉट स्टार्ट बरा असेल तर पहिल्या-दुसऱ्या घासण्यात आर्क धरतो. आता मुद्दाम रॉड चिकटवून ठेवा: दोनएक सेकंदांत करंट पडला पाहिजे आणि रॉड हाताच्या झटक्याने सुटला पाहिजे. रॉड लालबुंद होत असेल तर अँटी-स्टिक फक्त खोक्यावर छापलेलं आहे. मग ८५ वर दोन रॉड लागोपाठ संपवा आणि होल्डरची केबल हाताने चाचपा. कोमट चालेल, हात ठेववत नसेल तर केबल बारीक आहे किंवा आत ॲल्युमिनियम आहे. १५० अँपिअरपर्यंत आखूड केबल तांब्याची १६ स्क्वेअर मिमी हवी, पाच मीटरच्या पुढे २५. मशीनसोबत येणारी दीड-दोन मीटरची केबल गेटच्या वरच्या टोकाला पोचत नाही, तेव्हा ती बदलायचे पैसे धरूनच बजेट करा. जोडायच्या लोखंडाला पकडायचा अर्थिंग क्लॅम्पही बहुधा पत्र्याचा असतो, पितळी घ्या. आर्क तुटत असेल तर निम्म्या वेळा कारण हा क्लॅम्प किंवा त्याखालचा रंग असतो.

करंट मोजायचा असेल तर एसी-डीसी क्लॅम्प मीटर लागतो. साधा एसी मीटर आउटपुटला काहीच दाखवणार नाही, कारण तिथे डीसी आहे.

उरलेल्या पैशांत

मोठ्या अँपिअरवर न घालवलेले पैसे डोळ्यांवर घाला. शेड (काचेच्या काळेपणाचा आकडा) १० ते ११ ची ऑटो-डार्क, म्हणजे आर्क पेटताच काच आपोआप काळी होणारी, हेल्मेट घेतली तर नवशिक्याचा रॉड बरोबर सांध्यावर पेटतो, आणि टाके मारताना डोळे मिटून अंदाज घ्यायची सवय लागत नाही. काळा चष्मा चालत नाही, चेहरा आणि मान दोन्ही भाजतात. शेजारी उभ्या पोरांनाही लांब ठेवा. आर्क बघितल्याचा त्रास तेव्हा जाणवत नाही, रात्री डोळ्यांत वाळू गेल्यासारखं होतं.

जीआय (जस्ताचा थर दिलेला) पाइप असेल तर सांध्यापासून दोन-तीन सेंटिमीटर जस्त ग्राइंडरने काढून मगच वेल्डिंग करा आणि वारा ज्या बाजूने येतो त्या बाजूला उभे राहा. जस्ताच्या धुराने त्याच रात्री थंडी-ताप भरतो. त्यावर आधी दूध प्या किंवा गूळ खा, असं वर्कशॉपमध्ये सांगतात. त्याने धूर काही थांबत नाही.

पातळ पाइपला भोकं पडत असतील तर रॉड निगेटिव्हला लावा, करंट पाचाने कमी करा आणि सलग न ओढता टाक्याला टाका जोडत जा. उभा सांधा वरून खाली घ्या.

मशीनचा सगळ्यात मोठा शत्रू ग्राइंडरची भुकटी. पंखा ती आत ओढतो, ती कार्डावर बसते आणि एखाद्या दमट दिवशी शॉर्ट होतं. कटिंग करताना मशीन बंद ठेवा, निदान ठिणग्यांच्या उलट दिशेला ठेवा, आणि दोन-तीन महिन्यांनी प्लग काढून, थोडा वेळ थांबून कोरडी हवा मारा. कोकणात पावसाळाभर मशीन पडून राहणार असेल तर पंधरा दिवसांतून एकदा दहा मिनिटं नुसतं चालू ठेवा, आत ओल धरत नाही. ६०१३ चे रॉड झाकणाच्या घट्ट डब्यात ठेवा. सादळले तर शंभर-एकशेवीस अंशांवर तासभर तापवून घ्या, मात्र स्वयंपाकाच्या ओव्हनमध्ये नको.